पातळीवाले अण्णा

पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना "बरंय का?" असं विचारत नाहीत. "आयर्विनला किती?" असं विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट. समोरचा "32" म्हणाला की दोघांनाही हवं ते सगळं कळतं. 32 म्हणजे आपण बरे आहोत, पण सूर्यवंशी प्लॉटात राहणाऱ्या मेव्हण्याला एक फोन टाकलेला बरा. 40 फूट ही इशारा पातळी. तिथे तळमजल्यावरची मंडळी पलंगाखालच्या पेट्या बाहेर ओढतात. 45 ही धोका पातळी. त्यापुढे कुणी कुणाला काही विचारत नाही, सगळे टेम्पो शोधतात. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि तेव्हापासून ही भाषा बालवाडीतल्या पोरांनाही येते.

पण भाषा येणं वेगळं आणि तिच्यात कीर्तन करता येणं वेगळं. तसा कीर्तनकार सांगलीच्या दर गल्लीत एक असतो. गावभागात दोन असतात आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नसतं, कारण 2005 च्या पुरात पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागलं होतं यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही. आमच्या गल्लीच्या वाट्याला अण्णा आलेत.

अण्णा एका सहकारी बँकेत हेड कॅशियर होते. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी नदी मोजायला घेतली, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणतात. पहाटे सहाला पांढरा लेंगा, वर मुलाने पाठवलेलं जर्मन जर्किन, हातात छत्री अशा थाटात ते पुलाच्या कठड्याशी हजर असतात. हा आयर्विन पूल 1929 सालचा. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन त्याच्या उद्घाटनाला आले होते. साहेब आले, फीत कापून गेले. पुलाकडे रोज बघायचं काम अण्णांकडे राहिलं. खांबावरचे फुटांचे आकडे वाचताना त्यांचे ओठ नोटा मोजल्यासारखे हलतात. मग खिशातली वही निघते. पाटबंधारे खात्याचा आकडा मोबाइलवर येतोच, पण अण्णा स्वतःचा आकडा काढतात आणि दोन्हींत इंचाचा फरक पडला तर खात्याचं चुकलं असं धरतात.

नदी झाली की धरणं. कोयना 105.25, वारणा 34.40, धोम 13.50, कण्हेर 10.10, ही त्यांची सकाळची संध्या. नवखा माणूस सापडला की पहिल्या भेटीतच त्याला टीएमसी शिकवतात. "एक टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट. लिटरमध्ये 2831 कोटी. तुमच्या गच्चीवरची टाकी हजार लिटरची ना? तशा 2 कोटी 83 लाख टाक्या." नवखा बिचारा गच्चीकडे बघत राहतो. कोयनेच्या पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक सोडलं हे अण्णांना धरणावरच्या माणसाइतकंच लवकर कळतं. कसं कळतं ते ते सांगत नाहीत. अलमट्टीचा विषय निघाला की मात्र बसून घ्यावं लागतं. धरणाची आत्ताची पातळी 519.60 मीटर, कर्नाटकला ती 524.256 करायची आहे. त्या 256 मधला शेवटचा 6 अण्णांनी आजवर कधी गाळलेला नाही. सांगलीचा पूर अलमट्टीच्या फुगवट्यामुळे येतो असं कुणी म्हणालं की अण्णा पावसाचे आकडे काढतात, आणि पावसामुळे येतो म्हणालं की अलमट्टीचे काढतात.

पुराचा जाणकार उन्हाळ्यात रिकामा बसत असेल, असा कुणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. एप्रिलमध्ये अण्णांना दुसरी पालवी फुटते. डिग्रजच्या बंधाऱ्यात किती अडलंय, म्हैसाळला किती, बरगे कुणी आणि कधी काढले, टेंभूचे पंप किती चालू, ताकारीचे किती, महापालिकेच्या जॅकवेलला पाणी पुरेल का, हे सगळं वहीच्या मागच्या बाजूने लिहिलेलं असतं. पुढून पूर, मागून टंचाई. मधली कोरी पानं जानेवारीची. आणि टंचाईच्या पानांवर जागोजागी लाल शाईत एकच आकडा : 67.5. कोयनेचं इतकं टीएमसी पाणी वर्षाला पश्चिमेकडे वळवून वीज करायची मुभा आहे. ते पोफळीला उतरतं, वाशिष्ठीतून चिपळूणला जातं आणि समुद्राला मिळतं. "अरबी समुद्राला पाणी कमी पडत होतं काय?" हा अण्णांचा उन्हाळी प्रश्न. वीज आपल्याही घरात लागते, हे त्यांना सांगून बघितलं. त्यांनी पंखा बंद केला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

अशा माणसाला व्याही मिळाले ते नेमके सातारा जिल्ह्यातले, मेढ्याचे. त्यांचं मूळ गाव कोयनेच्या शिवसागरात गेलेलं. त्यामुळे धरणावर आपला कायमचा हक्क आहे अशी त्यांची समजूत आणि ती खोडून काढायची हिंमत सांगलीत कुणाला झाली नाही. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचं बोलणं दहा मिनिटांत आटोपलं आणि विसर्गाचं दोन तास चाललं. शेवटी व्याही म्हणाले, "हे बघा पाव्हणं, पाणी आमचं, पूर तुमचा. पोरगी दोघांची." सोयरीक तिथेच पक्की झाली.

व्याह्यांचं ज्ञान वेगळ्या घाटाचं. त्यांना टीएमसी कळत नाही, चिखल कळतो. बामणोलीला, तापोळ्याला शिवसागरात लाँच चालतात. वासोट्याला जाणारे तिथूनच बोटीत बसतात आणि पलीकडच्या गावांचा तर बाजारहाट आणि दवाखानाही पाण्यावरूनच. दिवाळीत बोट जवळजवळ दारात लागते. मे महिन्यात पाणी इतकं खाली जातं की बोटीतून उतरून गाव गाठायला डोंगर चढल्यासारखा दम लागतो, आणि मधला तो सगळा उतार भेगाळलेल्या मातीचा. कुठल्या वळणावर जुनी ताल पाण्याखाली आहे, कुठे बोटीचा पंखा घासेल, कुठे उतरून ढकलावं लागेल, हे व्याह्यांना लहानपणापासून ठाऊक. एकाला आकडे माहीत, दुसऱ्याला तळ. दोघं एकत्र आले की घरातल्या बायका दुसऱ्या खोलीत जातात.

या दोघांना मुलाने आणि सुनेने 2022 च्या ऑगस्टात ऱ्हाइन नदीच्या क्रूझवर पाठवलं, सपत्नीक. परदेशातल्या मुलांना आईवडिलांना क्रूझवर पाठवायला फार आवडतं. चालावं लागत नाही, हरवत नाहीत आणि आठ दिवस घरी नसतात. बाझलला चढायचं, ॲमस्टरडॅमला उतरायचं. जहाज 135 मीटर लांब. खिडकीत बसलं की किल्ले, द्राक्षमळे आणि चर्चचे मनोरे आपोआप समोरून जाणार. तासगाव-पलूसची द्राक्षं बघत वाढलेल्या माणसाला द्राक्षमळ्यांचं काय कौतुक, पण ते जाऊ द्या.

त्या उन्हाळ्यात युरोपात पाऊसच पडला नव्हता. अण्णांना हे निघण्याआधीच माहीत होतं. जर्मनीच्या जलमार्ग खात्याची माहितीसेवा आहे, तिचं नाव 'एल्विस'. नदीच्या प्रत्येक ठाण्याची पातळी तिच्यावर दिसते. सुनेने ती एकदा सहज दाखवली आणि घर बसलं. "रात्री दोन-दोन वाजता एल्विस बघत बसतात," अशी काकूंनी तक्रार केली तेव्हा आम्ही गल्लीतल्या लोकांनी गाण्याचं वेड लागलं असेल असं समजून सोडून दिलं.

पहिले दोन दिवस अण्णा खुशीत होते. बाझलपासून इफेत्सहाइमपर्यंत ऱ्हाइनवर दहा बंधारे आहेत आणि प्रत्येकाला जहाज खालीवर करणारं लॉक. जहाज एका हौदात शिरतं, मागचं दार लागतं, पाणी सोडतात, जहाज खाली बसतं, पुढचं दार उघडतं. बाकीची सहल जेवणाच्या टेबलावर असताना हे दोघं डेकवर उभे राहून दर वेळी तो सोहळा बघायचे. गल्लीच्या ग्रुपवर खात्याच्या प्रसिद्धिपत्रकासारखे निरोप येऊ लागले : "आज चौथा बंधारा पार. दरवाजे सुस्थितीत. गळती नाही."

इफेत्सहाइमला गाडी अडली. म्हणजे अण्णांची अडली, जहाज चालू होतं. सहलीच्या व्यवस्थापक पोराला मध्ये घालून त्यांनी कप्तानाला विचारलं, यापुढचा बंधारा कुठे? कप्तान म्हणाला, नाही. इथून समुद्रापर्यंत नदी मोकळी वाहते.

"मग पाणी कमी पडलं तर सोडतं कोण?"

कुणी नाही. आल्प्सचं बर्फ आणि पाऊस. दोन्ही यंदा कमी.

अण्णांना हे झेपेना. ज्या नदीवर फोन करायला कार्यकारी अभियंता नाही, अशी नदी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मग त्यांना वर कॉन्स्टन्स नावाचं सरोवर असल्याचं कळलं. ऱ्हाइन त्यातूनच पुढे येते. साठा 48 घनकिलोमीटर. अण्णांनी रुमालावर आकडेमोड केली आणि ते खुर्चीत बसले. सुमारे 1695 टीएमसी. काठोकाठ भरलेल्या सोळा कोयना. आणि त्या सरोवराच्या तोंडाला पाणी अडवायला किंवा सोडायला एकही दरवाजा नाही. "सोळा कोयना!" अण्णा रात्रभर कूस बदलत म्हणत होते. "आणि एक वक्राकार दरवाजा बसवला नाही ह्यांनी!" व्याह्यांना मात्र गाढ झोप लागली. दरवाजा नाही म्हणजे कुणाचं गाव बुडालेलं नाही, एवढंच त्यांनी विचारून घेतलं होतं.

पुढे अडचण होती काउब नावाच्या गावाशी. माइन्झ आणि कोब्लेन्झ यांच्या मधल्या दरीत नदीचा तळ खडकाळ आणि उथळ आहे, आणि ऱ्हाइनवरून जाणाऱ्या साऱ्या जहाजांचं नशीब या काउबच्या पट्टीवर ठरतं. आपल्याकडे जसं आयर्विन, तसं तिकडे काउब, असं अण्णांनी ग्रुपवर लिहिलं आणि गल्लीला पहिल्यांदा जर्मनी समजली. 12 ऑगस्टला ती पट्टी 40 सेंटीमीटरच्या खाली गेली. पुढे महिन्याच्या मध्यावर 32 पर्यंत उतरली. 2018 च्या ऑक्टोबरात तर ती 25 वर गेली होती.

व्यवस्थापकाने जेवणाच्या वेळी माइक घेऊन जाहीर केलं की पुढे नदीला फक्त 40 सेंटीमीटर पाणी आहे. डायनिंग हॉलमध्ये हलकल्लोळ. मुंबईचे एक गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दाखवू लागले की एवढ्या पाण्यात आपण चालत जाऊ, जहाज कसं जाईल? तेव्हा अण्णा उठले. बँकेत संपाच्या दिवशीही उठले नव्हते, पण इथे उठले. त्यांनी सांगितलं की पट्टीवरचा आकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे. पट्टीचा शून्य तळाला नसतो. काउबला 40 असेल तेव्हा जहाजाच्या वाटेत दीड मीटरच्या आसपास पाणी असतं. आता प्रश्न इतकाच की आपल्या जहाजाला किती लागतं? कप्तानाने पोराकरवी सांगितलं, साधारण 1.60 मीटर. अण्णांनी वजाबाकी केली आणि म्हणाले, "बॅगा भरा."

गंमत अशी की पाणी कमी पडलं म्हणून ऱ्हाइन कुणी बंद करत नाही. पाणी वाढलं तर करतात. कोलोनला 6.20 मीटर झाले की वेगावर बंधनं येतात, 8.30 झाले की वाहतूक थांबते. म्हणजे इशारा पातळी आणि धोका पातळी तिकडेही आहेत. हे कळल्यावर अण्णांना युरोप सुसंस्कृत असल्याची खात्री पटली. पूर आला की आणखी एक भानगड असते : जहाज पुलाखालून जात नाही. त्यासाठी कप्तानाची केबिनच खाली दाबून बसवायची सोय असते. पण कमी पाण्याला धोका पातळी नाही. जायचं की नाही ते जहाजवाल्याने ठरवायचं. मालवाहू बार्ज अर्ध्याहून कमी माल भरून जातात आणि भाडं वाढवून घेतात. क्रूझवाल्यांना माणसं अर्धी भरता येत नाहीत, म्हणून ते बस बोलावतात.

त्यांची युक्ती साधी आणि इरसाल आहे. कंपनीचं तसंच दुसरं जहाज उथळाच्या पलीकडे येऊन थांबलेलं असतं. इकडचे प्रवासी बसने तिकडे, तिकडचे इकडे, आणि दोन्ही जहाजं आपापल्या तोंडाने माघारी. सकाळी सातला बॅगा दाराबाहेर, आठला बस, संध्याकाळी नवं जहाज. नवं कसलं, तेच! तोच गालिचा, तेच पडदे, खोलीचा नंबरसुद्धा तोच. व्याह्यांनी आदल्या रात्री जुन्या खोलीच्या कपाटात चिवड्याचा डबा ठेवला होता. नव्या खोलीत जाऊन त्यांनी कपाट उघडलं आणि डबा चोरीला गेल्याची तक्रार नोंदवली. तो डबा त्या घटकेला माइन्झच्या वरच्या अंगाला कुण्या अमेरिकन जोडप्याच्या हवाली झालेला असणार. मुंबईचे गृहस्थ ब्रोशर फडकवत राहिले, "क्रूझचे पैसे घेतले आणि एसटी दाखवली!" तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात नदीच्या पातळीनुसार बदल करण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवलेला होता. तो अण्णांनी मोठ्याने वाचून दाखवला. कॅशियर माणूस, नोटेवरचंही सगळं वाचायची सवय.

काकू आणि विहीणबाई मात्र बसवर खूश. बस थांबवता येते, हा त्यांचा मुद्दा आजवर कुणी खोडलेला नाही.

आणि त्या बसमुळेच अण्णांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस उगवला. बस काउबला थांबली. तिथे नदीच्या मधोमध खडकावर फाल्त्सग्राफेनश्टाइन नावाचा किल्ला आहे. एरवी होडीने जावं लागतं. त्या उन्हाळ्यात पात्र इतकं उघडं पडलं होतं की लोक काठावरून चालत किल्ल्याला जात होते. सगळी सहल फोटो काढत पुढे गेली. हे दोघं पात्रातच उकिडवे बसले. व्याह्यांनी गोटे उलटून बघितले, चिखलाची भेग बोटाने मोजली आणि निदान केलं, "लई दिवसाचं नाय पाव्हणं. दोन-अडीच महिन्यांत उतरलंय." अण्णांनी दगडांवरचा पाण्याचा जुना पट्टा हेरला. मग किल्ल्याची पाटी वाचली. 1327 साली बव्हेरियाच्या लुडविगने तो बांधायला घेतला, येणाऱ्याजाणाऱ्या होड्यांकडून जकात वसूल करायला. ही वसुली एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली. "म्हणजे आपला आणेवाडीचा टोलच," व्याही म्हणाले. पाचशे वर्षांहून जास्त चाललेला टोलनाका! साताऱ्याच्या माणसाला याहून जास्त इतिहास लागत नाही.

कोलोनला सगळे तिथलं प्रसिद्ध कॅथेड्रल बघायला गेले. 157 मीटर उंच, बांधायला सहा शतकं. अण्णांनी त्याच्याकडे पाठ करून फोटो काढून घेतला, कारण त्यांना नदीकाठचं पातळीचं घड्याळ फोटोत हवं होतं. घड्याळासारखीच तबकडी, पण तास-मिनिटांऐवजी छोटा काटा मीटर दाखवतो आणि मोठा डेसिमीटर. त्या दिवशी छोटा काटा एकवरसुद्धा आलेला नव्हता. तशी तबकडी आयर्विनला बसवावी असा अर्ज अण्णांनी तिथूनच, उभ्या उभ्या, फोनवर लिहिला. त्याच संध्याकाळी त्यांना कुणीतरी सांगितलं की कोलोनला ऱ्हाइनचा सरासरी प्रवाह सेकंदाला दोन हजार घनमीटरच्या वर असतो. अण्णांनी क्युसेकमध्ये केला : 70 हजारांच्या वर. आपल्याकडे कोयनेतून 70 हजार सुटलं की सायरन वाजतात, तिकडे ती साधी मंगळवारची नदी. बारा महिने भरून वाहणारी नदी एका उन्हाळ्यात खाली गेली तर ते लोक इतके का गडबडतात, हे अण्णांना तेव्हा उलगडलं. आपली नदी दर वर्षी दोन्ही टोकं दाखवते, म्हणून आपण वहीला दोन बाजू ठेवतो. त्यांच्याकडे वहीला मागची बाजूच नव्हती.

परतल्यावर व्याख्यान झालं. गल्लीतल्या मारुतीच्या देवळात, भडंगाच्या पुड्यांसह. पडद्यावर किल्ला एकही नाही, सगळे पट्ट्या आणि खांब. अण्णांनी ऱ्हाइनवर न थांबता डॅन्यूबलाही हात घातला. तिथे श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा बव्हेरियातला उथळ टापू क्रूझवाल्यांची अशीच झोप उडवतो. खाली सर्बियात प्राहोवोजवळ 1944 मध्ये जर्मनांनी स्वतःच बुडवलेल्या युद्धनौका 2022 च्या उन्हाळ्यात पाण्यातून वर आल्या. एल्ब नदी तर इतकी उथळ की तिथल्या क्रूझ सर्वांत आधी रद्द होतात. तिच्या काठी चेक देशात दुष्काळाचे दगड आहेत. पाणी अगदी तळाला गेलं तरच ते दिसतात, आणि त्यांच्यावर जुन्या लोकांनी दुष्काळाची सालं कोरून ठेवली आहेत. एका प्रसिद्ध दगडावर 1616 साल वाचता येतं, आणि मी दिसलो तर रडा, अशा अर्थाचं वाक्यही आहे. इथे अण्णा थांबले. ते भावुक झाले असावेत असं आम्हाला वाटलं. पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते ते एका विचाराने : चारशे वर्षांची नोंद, आणि तीही जागेवर!

एकाने विचारलं, "अण्णा, जहाज कसं होतं?" अण्णा म्हणाले, "1.60."

पुढच्याच वर्षी, 2023 ला, पाऊस दगा देऊन गेला. कोयना भरली नाही. दिवाळीच्या सुमारास सांगलीत कृष्णेचं पात्र कोरडं पडलं आणि कोयनेतून पाणी सोडण्यावरून सातारा-सांगली असा वाद पेटला. दोन्ही जिल्ह्यांचे पुढारी पेपरातून एकमेकांना आकडे मारत होते. आमच्या गल्लीत तो वाद व्हिडिओ कॉलवर झाला. अण्णा घाटाच्या शेवटच्या पायरीखाली उतरून, जिथे एरवी कमरेइतकं पाणी असतं तिथे उभे राहून फोन उलटा करून पात्र दाखवत होते. "बघा व्याही, काउब झालंय सांगलीचं! जॅकवेलला पाणी नाही. सोडा की!" पलीकडून व्याही बामणोलीच्या काठावरचा भेगाळ उतार दाखवत होते. "पाव्हणं, माझ्या बोटीला पाणी नाय, तुमच्या नळाला कुठनं देऊ?" दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे भांडण लांबलं. शेवटी पाणी सुटलं. किती क्युसेक सुटलं आणि आयर्विनला किती वाजता पोचलं याची नोंद वहीत मागच्या बाजूला आहे. व्याह्यांच्या मते त्यातला निम्मा आकडा सांगलीकरांनी फुगवलेला आहे.

इतकं होऊनही अण्णा परत क्रूझला निघालेत. या वेळी पोर्तुगालच्या डौरो नदीवर. मुलाने सुचवलेली डॅन्यूब त्यांनी नाकारली. डौरोच का, तर तिच्या पोर्तुगालमधल्या वाटेवर पाच धरणं आहेत आणि प्रत्येकाला लॉक. कारापातेलोचं लॉक तर जहाजाला 35 मीटर उचलतं, म्हणजे आयर्विनच्या भाषेत 115 फूट. तिथे तरी पाणी सोडणारा माणूस असेल आणि त्याचा नंबर मिळेल, अशी त्यांना आशा आहे. व्याही येत नाहीत म्हणाले. "पाच धरणं बघायला पैसे देऊन कशाला जायचं? एकात आख्खं गाव दिलंय आम्ही."

तुमच्यापैकी कुणाला मुलं असंच पाठवणार असतील तर अण्णांचा निरोप आहे. जहाजावर शाकाहारी जेवण मिळतं का ते नंतर विचारा, आधी नदीला बंधारे आहेत का ते विचारा. मोझेल, माइन, डौरो यांना आहेत. ऱ्हाइनच्या मधल्या पट्ट्याला नाहीत, एल्बला जर्मनीत जवळजवळ नाहीतच. मोकळ्या नदीवरच जायची हौस असेल तर आल्प्सचं बर्फ वितळत असताना, मे-जूनमध्ये जा. तेव्हा सहसा पाणी असतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर जाणार असाल तर तिकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचून मगच सही करा, आणि चिवड्याचा डबा हातातल्या पिशवीत ठेवा.